न मागवलेलं पार्सल दारात आलं तर परत कसं पाठवायचं?

अश्विनी_के (सोमवार, रात्री ९:१०)

नमस्कार मंडळी. जरा अडचणीत आहे म्हणून लिहितेय. माझे सासरे विट्याला एकटेच असतात, वय ७९. आम्ही दोघं पुण्यात. गेल्या महिन्याभरात त्यांच्या नावाने तीन पार्सलं आली, तिन्ही कॅश ऑन डिलिव्हरी. पहिल्याचे ७९९ रुपये आप्पांनी देऊन टाकले. त्यांना वाटलं, आम्हीच काहीतरी मागवलं असेल आणि सांगायचं राहिलं असेल. दुसरं आलं तेव्हा आप्पा देवळात गेले होते, तर शेजारच्या काकूंनी ६४९ रुपये भरून ते घेऊन ठेवलं. तिसरं आलं तेव्हा मी नेमकी आप्पांशी फोनवर बोलत होते, म्हणून ते परत गेलं.

शनिवारी विट्याला जाऊन आले. पहिलं पार्सल उघडलेलं होतं. राखाडी प्लॅस्टिकची पिशवी, आत पातळ पुठ्ठ्याचं खोकं आणि खोक्यात गुडघ्याला बांधायचा पट्टा. एका बाजूची शिवण सुटलेली, रबराचा उग्र वास. बाजारात शंभर रुपयांनाही कोणी घेणार नाही. दुसरं अजून बंदच आहे, कपाटात ठेवलंय. वरच्या चिठ्ठीवर आप्पांचं नाव बरोबर, मोबाइल नंबर बरोबर, गल्लीचं नाव तेवढं चुकलेलं. पाठवणाऱ्याच्या जागी कुठल्याशा ट्रेडिंग कंपनीचं नाव आणि परराज्यातल्या गोदामाचा अर्धवट पत्ता. फोन लावला तर बंद.

हे बंद पार्सल आता परत पाठवता येईल का? आणि पुढचं येईल तेव्हा आप्पांनी दारातच नक्की काय म्हणायचं? पैशांचं त्यांना एवढं वाटत नाहीये, पण "मला या वयात कोणीतरी फसवलं" हे मनातून जात नाही. बेल वाजली की दचकतात. म्हणून विचारतेय.

गण्या_डोंबिवली (सोमवार, रात्री ९:२६)

उघडलेल्याचे पैसे गेले समजा. बंद आहे त्याला हात लावू नका, पिशवी फाडू नका, चिठ्ठी काढू नका. त्या चिठ्ठीवरचा नंबर हाच तुमचा पुरावा.

मिरची (सोमवार, रात्री ९:४१)

अगदी हेच माझ्या आईच्या बाबतीत. तिच्या नावाने केस काळे करायचं तेल आलं, ५९९ रुपये. ती म्हणाली, "माझे केस पांढरे झालेत हे यांना कळलं कसं?" बाबा तीन दिवस हसत होते. पैसे मात्र गेले ते गेलेच.

नाना_सातारकर (सोमवार, रात्री १०:३०)

अश्विनीताई, मी ३४ वर्षं पोस्टमन होतो, आता निवृत्त आहे. कुरिअरवाल्यांचे नियम त्यांचे त्यांना ठाऊक, पण पोस्टाचं सांगतो, कारण मूळ तत्त्व दोन्हीकडे सारखंच आहे.

टपाल घ्यायचं की नाही हा हक्क ज्याच्या नावाने आलंय त्याचा. पोस्टमनच्या हातात वस्तू असतानाच "मला नको" म्हणायचं. सही करायची नाही, पैसे द्यायचे नाहीत. पोस्टमन त्यावर "घेण्यास नकार" असा शेरा मारतो, आम्ही बोलताना "रिफ्युज्ड" म्हणायचो. तारीख टाकतो, सही करतो आणि ती वस्तू संध्याकाळी पोस्टात जमा करतो. तिथून ती पाठवणाऱ्याकडे परत. घेणाऱ्याला एक पैसा पडत नाही. असे शेरे बरेच असायचे : "दाराला कुलूप", "पत्ता अपुरा", "या नावाचे कोणी नाही", "गाव सोडून गेले", "मयत". यातला कुठला मारायचा त्यावर त्या पाकिटाची पुढची वाट ठरते, म्हणून शेरा मारताना आम्ही दोनदा विचारायचो.

पण एकदा सही करून घेतलं, की ती वस्तू तुमची झाली. मग परत पाठवायची तर नव्याने तिकीट लावून, तुमच्या खर्चाने. म्हणून सांगतो, सगळा खेळ उंबऱ्यावरचा आहे. उंबरा ओलांडून आत आलं की अवघड.

आता एक जुनी गोष्ट. कॅश ऑन डिलिव्हरी ही नवी चीज नाही. आमच्या वेळी व्ही.पी. होती, म्हणजे पोस्टमनला पैसे देऊन सोडवून घ्यायचं टपाल. पुस्तकं, औषधं, दिवाळी अंक, सगळं व्ही.पी.ने यायचं. पैसे मोजल्याशिवाय पार्सल उघडता यायचं नाही. तेव्हा जाहिराती यायच्या, कोडं सोडवा आणि रेडिओ अगदी थोड्या पैशांत मिळवा. माझ्या बीटवर एका शेतकऱ्याच्या पोराने असं कोडं सोडवून पाठवलं होतं. पार्सल आलं. पोराच्या आईने गाडग्यातले सुटे पैसे ओट्यावर मोजले, मी पावती फाडली, पोराने माझ्यासमोरच सुतळी कापली. वर्तमानपत्राचे कागद निघाले, कागदाच्या आत कागद आणि सगळ्यात आत अर्धी वीट. ती माउली मला एक शब्द बोलली नाही. नुसती विटेकडे बघत राहिली. त्या दिवसापासून व्ही.पी. हातात घेतली की मी आधी विचारायचो, "बाबा, मागवलंयस का? कुणाकडून मागवलंयस? नाव सांग." नाव नाही सांगता आलं तर म्हणायचो, पोस्टात सात दिवस ठेवतो, घरच्यांना विचार आणि मग ये. बरेच जण यायचेच नाहीत, पार्सल परत जायचं.

तुमच्या आप्पांना सांगा, फसले म्हणून वाईट वाटून घेऊ नका. घरच्यांसाठी खिशात हात घातला, यात लाज कसली?

अश्विनी_के (सोमवार, रात्री १०:५२)

नाना, तुमचं हे मी आत्ताच आप्पांना फोनवर वाचून दाखवलं. विटेपाशी आले तेव्हा ते "अरेरे" म्हणाले आणि मग पोस्टमनचं नाव विचारलं. मनापासून आभार.

भटक्या (सोमवार, रात्री ११:०५)

पार्सल न मागवता आलं आणि पैसेही मागितले नाहीत, तर खुशाल ठेवून घ्यावं असं माझं स्पष्ट मत. परत पाठवायची धावपळ मी का करायची? पाठवणाऱ्याची चूक, त्याने निस्तरावी.

म्हापशेकार (मंगळवार, सकाळी ७:१५)

भटक्या, पूर्ण असहमत. ते दुसऱ्या कुणाचं असू शकतं. आम्ही म्हापशात भाड्याच्या घरात आलो तेव्हा आधीच्या भाडेकरूचं टपाल वर्षभर येत होतं. विम्याची पत्रं, लग्नपत्रिका, एकदा तर बँकेचं जाड पाकीट, आत कार्ड असल्याचं हाताला लागत होतं. ते आमच्याकडे राहिलं असतं तर त्या माणसाला केवढा मनस्ताप!

आम्ही काय करायचो ते सांगतो. साधं पत्र असेल तर न उघडता आमच्या पत्त्यावर एक रेघ मारायची, शेजारी ठळक अक्षरांत "हे गृहस्थ येथे राहत नाहीत, पाठवणाऱ्यास परत" असं लिहायचं आणि लाल पेटीत टाकायचं. बहुतेक बँकांच्या आणि कंपन्यांच्या पाकिटावर मागच्या बाजूला "न पोहोचल्यास या पत्त्यावर परत करावे" असं छापलेलंच असतं. सहीचं टपाल असेल तर घ्यायचंच नाही, पोस्टमनला सांगायचं. हळूहळू येणं बंद झालं.

भटक्या (मंगळवार, सकाळी ७:४०)

बँकेच्या पाकिटाचं मान्य. मी फुकट आलेल्या वस्तूंबद्दल बोलत होतो.

सुलेखा_न्यू_जर्सी (मंगळवार, सकाळी ८:२०)

भटक्या म्हणतात ते आमच्याकडे कायद्यातच आहे. अमेरिकेत १९७० च्या टपाल कायद्यापासून असा नियम आहे की न मागवलेला माल टपालाने आला तर घेणाऱ्याने तो भेट समजावा. पैसे द्यायचे नाहीत, परत पाठवायचं बंधन नाही. आणि परत पाठवायचंच असेल तर न उघडलेल्या पाकिटावर "नाकारले" असं लिहून पोस्टमनकडे दिलं की बहुतेक प्रकारचं टपाल जास्तीचं तिकीट न लावता परत जातं. उघडलंत की नवं तिकीट. म्हणजे नाना म्हणतात तेच, उंबऱ्यावरचा खेळ. ब्रिटनमध्येही न मागवलेला माल भेट समजण्याचा नियम आहे, माझी बहीण लेस्टरला असते तिने सांगितलं होतं.

पण फुकट आलं म्हणून खूश होऊ नका, असं मी अनुभवाने म्हणेन. २०२० च्या उन्हाळ्यात, कोरोनात सगळे घरात कोंडलेले असताना, अमेरिकेत हजारो लोकांच्या घरी बियांची पाकिटं आली. वर दागिने किंवा असंच काहीतरी लिहिलेलं, बऱ्याच पाकिटांवर चीनमधला पत्ता. माझ्या शेजारणीकडेही आलं होतं. पांढरं छोटं पाकीट, आत चिमूटभर काळ्या बिया, आपल्या कांद्याच्या बियांसारख्या. ती बागकामाची वेडी, कुंडी तयारच होती. तेवढ्यात कृषी खात्याची सूचना आली : पेरू नका, फेकू नका, पाकिटासकट जपून ठेवा आणि राज्याच्या कृषी खात्याला कळवा. बिया कसल्या, त्यातून कुठली कीड किंवा तण येईल याचा नेम नव्हता. भारताच्या कृषी मंत्रालयानेही त्या ऑगस्टमध्ये अशा बियांबद्दल सावध केलं होतं.

त्यामागचं मुख्य कारण जे सांगितलं गेलं ते असं : विक्रेते कुणाच्याही नाव-पत्त्यावर काहीतरी हलकं, स्वस्त पाठवतात. सामान पोचल्याची नोंद झाली की त्या नावाने स्वतःच पाच चांदण्यांचं कौतुक लिहितात. याला ब्रशिंग म्हणतात. म्हणजे फुकटच्या वस्तूची किंमत म्हणून आपलं नाव वापरलं जातं. आपला पत्ता आणि नंबर कुठूनतरी बाहेर गेलाय, हा त्यातला खरा निरोप. असं काही आलं की मी आधी खरेदीच्या खात्यांचे पासवर्ड बदलते.

मिरची (मंगळवार, सकाळी ८:४५)

सुलेखाताई, शेजारणीने त्या कुंडीत शेवटी काय लावलं?

सुलेखा_न्यू_जर्सी (मंगळवार, सकाळी ८:५८)

मेथी. मी दिली.

काळाकोट (मंगळवार, सकाळी १०:१०)

धागा चांगला चाललाय, पण एक धोक्याची सूचना. "काहीही आलं तरी नाकारा" असा सरसकट सल्ला कृपया ज्येष्ठांना देऊ नका. पार्सल नाकारणं वेगळं आणि नोटीस नाकारणं वेगळं.

वकिली करताना दर दोन महिन्यांनी एक तरी अशील भेटतो. म्हणतो, "साहेब, मी नोटीस घेतलीच नाही, मग मला लागू कशी?" १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या कलम २७ नुसार योग्य पत्त्यावर, तिकीट लावून रजिस्टर पोस्टाने पाठवलेलं टपाल पोचलं असं धरून चालतात. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये चेक न वटल्याच्या एका प्रकरणात हेच पुन्हा स्पष्ट केलं. पाकिटावर "घेण्यास नकार" असा शेरा आला की नोटीस मिळाली असंच धरलं जातं. चेकच्या प्रकरणात नोटीस मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस असतात. नाकारणाऱ्याचे ते १५ दिवस त्याला आत काय लिहिलंय हे न कळताच निघून जातात. आणि २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालंय, त्यामुळे नुसतं पाकीट बघून ओळखायची जुनी सवय आता उपयोगाची नाही. वकील, न्यायालय, बँक, तहसील, सोसायटी, यांच्याकडून काही आलं तर घ्या, सही करा, उघडा, वाचा.

आता अश्विनीताईंचा मुद्दा. न मागवलेला माल कोणी दारात टाकला आणि आपण गप्प बसलो, म्हणून विक्रीचा करार होत नाही. हे शिकवताना आमच्या सरांनी १८६२ चा इंग्लंडमधला एक खटला सांगितला होता, तो विसरता येत नाही. काकाने पुतण्याला पत्र लिहिलं : तुझ्या घोड्याचे ३० पौंड १५ शिलिंग देतो, तुझ्याकडून काही कळलं नाही तर घोडा माझा झाला असं समजतो. पुतण्याने उत्तरच लिहिलं नाही. पुढे लिलाववाल्याच्या चुकीने घोडा विकला गेला आणि काका कोर्टात गेला. कोर्टाने सांगितलं, समोरच्याच्या गप्प राहण्याला होकार ठरवायचा अधिकार तुला कोणी दिला? घोडा काकाचा झालाच नव्हता.

त्यामुळे "पार्सल घेतलं नाही तर दंड लागेल", "ऑर्डर रद्द करायचे पैसे भरा" असं कोणी फोनवर दरडावलं तर खुशाल फोन ठेवून द्या. पैसे गेलेच असतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. ओटीपी किंवा बँकेचा व्यवहार गुंतला असेल तर १९३०, आणि तो ताबडतोब, दुसऱ्या दिवसावर ढकलायचा नाही.

गण्या_डोंबिवली (मंगळवार, सकाळी १०:२२)

काका-पुतण्याची भांडणं तिकडेही होती तर. आपल्याकडे घोड्याच्या जागी जमीन असते एवढंच.

दोनचाकी (मंगळवार, दुपारी १:३०)

मी दोन वर्षं पिंपरीत डिलिव्हरी केलीय. आमच्या बाजूने थोडं लिहू द्या.

नाकारलं तर आम्हाला राग येत नाही, हे आधी लक्षात घ्या. मोबाइलमध्ये "ग्राहकाने नाकारले" असा पर्याय असतो, तो दाबला की पार्सल पिशवीत परत. मला पोचलेल्या पार्सलमागे पैसे मिळायचे, म्हणून थोडं वाईट वाटायचं, पण भांडण कशाला? त्रास व्हायचा तो वेगळाच. लोक आधी पैसे द्यायचे, मग पिशवी फाडायचे आणि मग "हे नको, घेऊन जा, पैसे दे" म्हणायचे. ते माझ्या हातात नव्हतं. रात्री हबवर रोकड मोजून द्यावी लागते, कमी भरली तर माझ्या खिशातून. एका काकांनी माझी गाडीची किल्ली काढून घेतली होती. पार्सलमध्ये काय आहे ते मला माहीत नसतं, तुमच्याइतकाच मी बाहेरचा असतो.

दारात काय करायचं ते सांगतो. आधी विचारा : कोणाच्या नावाने, कुठल्या कंपनीकडून, किती पैसे. मुलगा चिठ्ठी दाखवेल, फोटो काढू देईल. घरी फोन करायचा असेल तर दोन मिनिटं थांबतोही. खात्री नसेल तर "उद्या आणा" म्हणा, बहुतेक ठिकाणी दोन-तीनदा फेरी होते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नाकारताना "रद्द करायला ओटीपी सांगा" असं कोणी म्हणालं तर सांगू नका. कुठलाही ओटीपी आला की आधी पूर्ण मेसेज वाचा. बऱ्याचदा तो पार्सल मिळाल्याचा असतो. तो दिलात की पार्सल तुम्हाला मिळालं अशी नोंद होते, हातात काहीच नसताना.

फोनवर कोणी कुरिअरवाला म्हणून *४०१* आणि पुढे एक नंबर डायल करायला सांगितलं तर तेही करू नका. त्याने तुमचे सगळे कॉल त्याच्या फोनवर वळू शकतात.

चेअरमन_बी_विंग (मंगळवार, दुपारी २:०५)

दोनचाकी यांच्या शेवटच्या ओळी आमच्या सोसायटीच्या फलकावर लावतोय, परवानगी गृहीत धरली आहे.

आमच्याकडे अडचण वॉचमनची होती. तो बिचारा सगळ्यांची पार्सलं घेऊन ठेवायचा. एका विंगेत तीन कुलकर्णी, त्यातले दोन "एस. कुलकर्णी". एकांचे सांधेदुखीचे तेल दुसऱ्यांनी आठवडाभर लावलं आणि गुण आला म्हणून नाव विचारायला गेले, तेव्हा उलगडा झाला. आता गेटवर वही आहे. फ्लॅट नंबर नसेल किंवा पैसे द्यायचे असतील तर फोन केल्याशिवाय वॉचमन हात लावत नाही.

रानमेवा (मंगळवार, सायंकाळी ६:५०)

मी राजापूरहून कोकम, आगळ, आंबापोळी, कुळथाचं पीठ असं घरगुती विकते. सगळं वाचलं, पटलं. पण कुणीतरी दुसऱ्या बाजूनेही लिहायला हवं.

"नको असेल तर परत पाठवा" हे तुम्ही सहज म्हणता. आमच्या धंद्यात त्याला आरटीओ म्हणतात, म्हणजे पार्सल फिरून मूळ जागी. गेल्या दिवाळीत मी ४० पार्सलं कॅश ऑन डिलिव्हरीने पाठवली, त्यातली ७ परत आली. सातही जणांनी स्वतः मागवलेली, माझ्याशी फोनवर बोललेली माणसं. कुणी म्हणालं गावाला गेलो होतो, कुणी म्हणालं नवऱ्याने ओरडून परत केलं, दोघांनी फोनच उचलला नाही. जायचं भाडं माझं, यायचंही माझं. एक खोकं सतराव्या दिवशी परत आलं तेव्हा आगळाची बाटली आत फुटलेली होती. पुठ्ठा जांभळा होऊन भिजलेला, आंबापोळीला मुंग्या आणि वर कुणीतरी पेनाने लिहिलेलं, "ग्राहक नाही म्हणतात". ती आंबापोळी माझ्या सासूबाईंनी मे महिन्यात उन्हात बसून ताटांवर थर देऊन वाळवली होती. त्यांना मी ते खोकं दाखवलंच नाही.

फसवणाऱ्यांची पार्सलं जरूर नाकारा. पण स्वतः मागवलेलं नको झालं असेल तर आम्ही पाठवायच्या आधी एक फोन करा. आम्ही रागावत नाही. आता मी शंभर रुपये आधी घेते, मगच पाठवते. तेव्हापासून परत येणं खूपच कमी झालंय.

भटक्या (मंगळवार, सायंकाळी ७:१५)

रानमेवाताई, मी गेल्या वर्षी दोनदा असं केलंय. तुमच्याकडे नाही, दुसऱ्या कुणाकडे. शर्ट होते, मन बदललं, दारातून परत पाठवले. यामागे कुणाचं भाडं जातं हा विचार खरंच कधी मनात आला नव्हता. यापुढे आधीच रद्द करीन.

मालतीताई (मंगळवार, रात्री ९:३०)

थोडं अवांतर आहे, पण नानांनी व्ही.पी.चं नाव काढलं म्हणून लिहावंसं वाटलं.

आमचे हे दरवर्षी दिवाळी अंक व्ही.पी.ने मागवायचे. ठरलेले तीन. उन्हाळ्यातच पोस्टकार्ड टाकायचे. हे गेले ते श्रावणात. त्या गडबडीत पोस्टकार्डाचं कुणाला भान असणार? दिवाळीच्या आधी पोस्टमन आला, हातात व्ही.पी., वर यांचं नाव. त्याला सगळं ठाऊक होतं, तेराव्याला येऊन गेला होता. म्हणाला, "वहिनी, शेरा मारून परत पाठवतो, तुम्ही काळजी करू नका." कुठला शेरा ते तो बोलला नाही, पण मला कळलं. मी म्हटलं, थांबा जरा. आत जाऊन यांच्याच पाकिटातले पैसे आणले आणि दिले. अंक वाचायला मला पुढचा मार्च उजाडला, पण वाचले तिन्ही.

त्यानंतर विम्याची, बँकेची, कसल्या कसल्या योजनांची पत्रं यांच्या नावाने येत राहिली. ती मात्र एकेक करून परत केली, पाकिटावर स्वतःच्या हाताने लिहून. पहिल्यांदा तो शब्द लिहिताना हात अडला, पुढे सवय झाली. ज्यांच्या घरी नुकतंच कोणी गेलंय त्यांना एवढंच सांगेन, ही पत्रं साठवून ठेवू नका. बँकेला, विमा कंपनीला मृत्यूच्या दाखल्याची प्रत देऊन एकदाच कळवा, म्हणजे बरीचशी थांबतात.

नाना_सातारकर (मंगळवार, रात्री १०:०२)

मालतीताई, तो शेरा मारताना पोस्टमनचाही हात अडतो. ओळखीच्या घराचा असला की मी तो पाकिटावर दारात कधी लिहिला नाही. पोस्टात जाऊन लिहायचो.

गण्या_डोंबिवली (बुधवार, सकाळी ८:१०)

मूळ प्रश्नाकडे. अश्विनी, त्या बंद पार्सलाचं काय झालं?

अश्विनी_के (शनिवार, सायंकाळी ५:४०)

उशिरा लिहितेय, कारण काहीतरी हाती लागल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

बंद पार्सलाच्या चिठ्ठीचे, चारही बाजूंचे आणि पैसे दिल्याच्या पावतीचे फोटो काढले. चिठ्ठीवरच्या नंबरासकट कुरिअर कंपनीला मेल केला : हे आम्ही मागवलेलं नाही, पार्सल उघडलेलं नाही, परत न्या आणि पैसे द्या. दोन दिवस छापील उत्तरं आली. मग १९१५ वर तक्रार नोंदवली आणि तो तक्रार क्रमांक टाकून पुन्हा मेल केला. गुरुवारी मुलगा येऊन पार्सल घेऊन गेला, उलट पोच दिली. ६४९ रुपये आज आप्पांच्या खात्यात जमा झाले. गुडघ्याच्या पट्ट्याचे नाही मिळाले. पाठवणारा सापडतच नाही आणि पार्सल उघडलेलं होतं. त्याचा पाठपुरावा चालू ठेवणार आहे.

काळाकोट यांचं वाचून आप्पांच्या दाराशी एक कागद चिकटवलाय, मोठ्या अक्षरांत. "पार्सल : कुणाकडून? मागवलंय का? अश्विनीला फोन. मग पैसे. पत्र व नोटीस : घ्यायची, उघडायची." घरच्या ग्रुपवर आता ज्याने काही मागवलं त्याने आधी लिहायचं, असं ठरलंय. काल चौथं पार्सल आलं. आप्पांनी मुलाला आत बोलावून पाणी दिलं, चिठ्ठी वाचायला चष्मा आणला, मला फोन केला आणि मग त्याला म्हणाले, "आमचं नाही. परत ने. तुझा दोष नाही." हे त्यांनीच मला चार वेळा सांगितलं.

रानमेवाताई, आप्पांसाठी दोन बाटल्या आगळ आणि अर्धा किलो आंबापोळी हवी आहे. पैसे आजच पाठवते. एक विनंती, खोक्यावर लिहाल का?

रानमेवा (शनिवार, सायंकाळी ६:२०)

लिहिते. "पैसे भरलेले आहेत, काही देऊ नये" असं मार्करने, चारही बाजूंना. आणि निघालं की आप्पांना मीच फोन करते, म्हणजे माझं नाव त्यांच्या कानावर असेल. त्यांना तिखट चालतं का? सोबत थोडी सांडगी मिरची घालते.

अश्विनी_के (शनिवार, सायंकाळी ६:३१)

चालतं. फोन उचलल्यावर आधी "कुणाकडून?" असं विचारतील, दचकू नका.